विमलमावशींची हिवाळी चाकं

विमलमावशी कुणाकडे जेवायला आल्या की गाडीचं दार लागल्यापासून घराची बेल वाजेपर्यंत वीस मिनिटं जातात. त्या थेट दाराशी येतच नाहीत. ड्राइव्हवेत आणि रस्त्याकडेला लागलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि टायरला नख लावून बघतात. पर्समध्ये टायरची झीज मोजायची बोटाएवढी पट्टी असते. ती टायरच्या खाचेत घालतात, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात, हुं म्हणतात, की पुढची गाडी. सगळा राउंड झाला की मग बेल. आत आल्यावर कुणाला नमस्कार नाही, कशी आहेस नाही. बूट काढता काढताच निदान जाहीर होतं.

"पांढरी व्हॅन कुणाची? मागचं डावं गेलं. फार तर हा हिवाळा. घरच्यांना कल्पना देऊन ठेवा."

गेल्या गणपतीला ती पांढरी व्हॅन आमची निघाली, आणि मावशी आमच्या समोरच राहत असल्याने त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. माझी बायको मुग्धा मोदकांचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. आणि मी? मी दुसऱ्याच दिवशी टायर बदलून आणले. मावशींनी असा आवाज लावला की भले भले सही करून मोकळे होतात. चाळीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांकडून सह्या घेतल्याचा तो परिणाम असावा.

पूर्ण नाव डॉक्टर विमल चिंचमलातपुरे. मूळच्या नागपूरच्या, आता पन्नासेक वर्षं ओहायोतल्या. कोलंबसच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. रुजू झाल्या तेव्हा हॉस्पिटलने आठवडाभर त्यांच्या आडनावाशी झुंज दिली आणि शेवटी हार मानून पाटीवर 'डॉक्टर सी' लिहिलं. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या डब्लिनच्या, म्हणजे कोलंबसला लागून असलेल्या उपनगराच्या, मराठी मंडळात कुणाची छाती नाही. एका नव्या सुनेने एकदा विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "ड्यूटी होती बाप्पा." विषय संपला.

माणूस दिसला की त्याचं वजन ओळखायचं ही त्यांची जुनी खोड. आम्ही त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा त्या कुंपणापाशी आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ब्याऐंशी?"

मला वाटलं, जन्मसाल विचारतायत. "नाही, ऐंशी," मी म्हटलं.

"छट. बूट काढूनसुद्धा ब्याऐंशीच आहेस तू."

भूल वजनावर देतात, म्हणून ती नजर तयार झालेली. आमची ओळख ही अशी झाली. मुग्धा त्या दिवशी घरातून बाहेरच आली नाही.

तर या मावशी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी एकच बदामी रंगाची सेडान चालवायच्या. तीही डब्लिनच्या राउंडअबाउटला इतकी सावकाश की मागच्या गाडीतल्या माणसाला चार ई-मेल वाचून व्हावेत. आणि दोन वर्षांपूर्वी एका सप्टेंबरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या एक गडद हिरवी स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. दोनच सीट. रस्त्यापासून वीतभर उंच. इंजिन सुरू झालं की आमच्या कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. गाडीत शिरायची त्यांची एक पद्धत होती. आधी पाठ करून बसायचं, मग दोन्ही पाय जोडून उचलायचे आणि गर्रकन आत वळायचं. बाहेर यायच्या वेळी नेमकं उलटं, वर "आई गं" एवढंच जास्तीचं.

"मावशी, ही कधी घेतली?"

"परवा."

"पण का?"

"गाडी का घेतात लोक? बसायला."

दर गुरुवारी सकाळी आठला त्या या गाडीतून निघत आणि अंधार पडता पडता परत येत. कुठे जाता विचारलं की "काम आहे" असं उत्तर मिळे. मुग्धाचा तर्क होता की त्या कुठेतरी शर्यतींना जातात. माझा तर्क विपश्यनेचा होता. पहिल्या हिवाळ्यात ना म्हणावी तशी थंडी पडली ना बर्फ आणि त्यांचं बिनबोभाट निभावलं. गोष्ट सुरू झाली ती दुसऱ्या हिवाळ्यात.

नोव्हेंबरातली सकाळ. बर्फाचा कण नाही, ऊन पडलेलं, पण थंडी अशी की नाकातले केस ताठ व्हावेत. मी कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवत होतो. समोरून मावशी आपल्या उतरत्या ड्राइव्हवेतून माणूस चालेल त्या वेगाने खाली आल्या. रस्त्यावर वळायला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळायच्याऐवजी सरळच सरकत राहिली. मग मागची बाजू पुढे यायला निघाली. आवाज नाही, घाई नाही. एखादी म्हैस चिखलात बसकण मारते तशी शांतपणे ती अर्धा फेरा फिरली आणि तोंड मावशींच्या गराजकडे करून थांबली.

मी धावलो. मावशींनी काच खाली केली.

"लागलं का हो कुठे?"

"मला नाही लागलं. हिला घरी जायचं होतं." त्यांनी दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर घट्ट धरले होते. "टायर उन्हाळी आहेत रे. खोबरेल तेल थंडीत कसं थिजतं? तसं यांचं रबर थिजतं. बर्फ लागतच नाही. नुसत्या गारठ्यानेच दगड होतं."

"मग आता?"

"आता हिवाळी टायर. गुरुवारच्या आत."

गुरुवारच्या आत काही झालं नाही, कारण मावशींना निवडायचं होतं. आणि निवडणं म्हणजे काय, ते पुढच्या दोन आठवड्यांत मला कळलं.

आधी सल्ले आले. मंडळाचे गोखलेकाका इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. ते खास घरी आले. "विमलताई, सरळ हिशेब आहे. ही गाडी एप्रिलपर्यंत गराजमध्ये झाकून ठेवा. थंडीपुरती एक उंचशी एसयूव्ही घ्या. शहाणी माणसं हेच करतात."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "थंडीत तुमचे गुडघेपण आखडतात, गोखले. तुम्हाला काऊन नाही झाकून ठेवत गराजमध्ये?"

काका चहा न पिता गेले. मी मात्र अडकलो. कारण मी गणपतीनंतर लगेच टायर बदलले होते, म्हणून मावशींच्या हिशेबी मी या विषयातला एकमेव समंजस माणूस होतो.

त्यांनी दोनशे पानी वही केली. ऑफिसमधून आलो की समोरून हाक यायची, "निनाद, पाच मिनिटं ये रे." पाच मिनिटांचा तास व्हायचा. त्यांच्या डायनिंग टेबलावर कॉफी, चिवडा आणि हिवाळी टायरांची माहितीपत्रकं. मुळात प्रश्न दोन. टायर कुठले, आणि ते बसवायला चाकं कुठली. गाडीची मूळची चाकं भलीमोठी, पुढे एकोणीस इंची आणि मागे वीस, मागची अंमळ रुंद. बर्फात टायर अरुंद लागतो, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद त्यात घुसून रस्ता पकडतो. शिवाय चाक लहान घेतलं की रबराचा भाग जाड होतो आणि खड्ड्याचा दणका कमी बसतो. म्हणून मावशींना अठरा इंची चाकं हवी होती. हट्टच होता तो.

टायरच्या दुकानात टॉड नावाचा एक गोरापान, भिडस्त गृहस्थ होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, अठरा इंची बसतील. मावशी म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर माझ्या गाडीखाली झोपला होता का?" हे त्यांनी इंग्रजीत विचारलं. टॉडने खरंच थोडा विचार केला आणि नाही म्हणाला.

मग मावशी स्वतः झोपल्या. गराजमध्ये योगा मॅट अंथरली, गाडी जॅकवर मी उचलून दिली, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या या बाईने चाक काढलेल्या जागी डोकं घालून ब्रेकची मापं घेतली. या गाडीचे ब्रेक हत्तीच्या जबड्याएवढे. कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्या जबड्याचा हुबेहूब आकार केला. तो पुठ्ठा घेऊन आम्ही दुकानात गेलो. टॉडने अठरा इंची चाक काउंटरवर ठेवलं, मावशींनी पुठ्ठा आत फिरवला, आणि तो एका जागी करकचून अडला. करंगळीच्या नखाएवढं कमी पडत होतं.

"पत्रिका जमली, मुलगा दारातून आत येईना," मावशी मला मराठीत म्हणाल्या. टॉडला वाटलं त्याला शिव्या दिल्या. तो दुसरं चाक आणायला आत गेला.

असे तीन दिवस चाकं बघण्यात गेले. एक नाकारलं, कारण त्याच्या आऱ्या फार नाजूक, दणक्याला टिकणार नाहीत. एक चकचकीत काळं मला फार आवडलं. मावशी म्हणाल्या, "रस्त्यावर मीठ टाकतात. काळ्यावर सगळं दिसतं. तू येणारेस पुसायला?" शेवटी चारही चाकं एकोणीस इंची, मूळच्यापेक्षा अरुंद, रुपेरी, पाच जाड आऱ्यांची. दिसायला अगदी पोळपाट. मावशी खूश.

टायरवर मात्र त्यांची झोप उडाली. हिवाळी टायरांत दोन जाती. एक अगदी मऊ, अंगभर बारीक चिरा असलेले, बर्फावर घट्ट धरणारे, पण कोरड्या हायवेवर लिबलिबीत. दुसरे जरा कडक, वेगवान गाड्यांसाठीच केलेले. गाडी यांच्यावर नीट वळते, पण निसरड्या बर्फावर पहिल्याइतका भरवसा नाही. मावशी टॉडला औषधाबद्दल विचारावं तसं विचारत. साइड इफेक्ट काय? असर किती महिने? उन्हाळ्यात चुकून राहिले तर? टॉड बिचारा उत्तरं वहीत लिहून ठेवायला लागला होता. एकदा त्याने सुचवलं की मागच्या चाकांना जोर लागतो, तर सध्या मागे दोनच हिवाळी टायर घातले तर?

"अर्ध्या पेशंटला भूल देता येते," मावशी म्हणाल्या, "अर्ध्या गाडीला नाही. चार."

या सगळ्याची मजा वाटत होती, पण त्यात दोन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी सकाळी आठला मी पाहिलं, त्या कोट-टोपी घालून ड्राइव्हवेत गाडी सुरू करून बसल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चाललं. मग बंद झालं आणि त्या घरात गेल्या. दुसऱ्या गुरुवारी मीच जाऊन म्हटलं, "मावशी, आमची व्हॅन न्या ना. टायर नवे आहेत, तुम्हीच सांगितलेले."

"तिचं काम नाही ते."

"मग मी सोडतो तुम्हाला."

"म्हटलं ना, तिचं काम नाही." आवाज चढला, मग एकदम उतरला. "रागावू नको रे. तुझी व्हॅन चांगली आहे." त्यांच्या हातात फोन होता, आणि तो त्या पुन्हा पुन्हा चालू करून बघत होत्या.

त्याच दुपारी आम्ही दुकानात गेलो. टॉडने तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण यावेळी नीट विचारला. गाडी नक्की कुठे चालवणार?

मावशींनी वही मिटली. "जायला दीडशे मैल. हायवे, बहुतेक कोरडा. शेवटचे वीस मैल उत्तरेच्या मोठ्या तळ्याच्या काठाने, तिथे बर्फच बर्फ. मग तासभर तिथल्या तिथे, अगदी हळू. बरोबर एकजण असतो. त्याच्या खुब्याचं हाड जोडलेलं आहे. दणका चालत नाही."

"मग मऊ घ्या," टॉड लगेच म्हणाला. "शर्यत लावायची नसेल तर मऊच. गाडी थोडी आळशी होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाल्या.

दोन आठवड्यांचा घोळ एका मिनिटात मिटला. मी घरी जाऊन मुग्धाला सांगितलं, 'बरोबर एकजण असतो.' मुग्धाने पोळी तव्यावर टाकली आणि विसरली.

नवी चाकं बसवली की पन्नास-साठ मैल चालवून त्यांचे नट पुन्हा एकदा आवळावे लागतात. त्यासाठी एक लांब पाना असतो, बरोबर जोर लागला की तो कट्ट वाजतो. मावशींच्या मनगटात संधिवात. तेव्हा पुढच्या गुरुवारी सुट्टी टाकून मी त्यांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पाना घेऊन बसलो. वाटेत एका गॅस स्टेशनवर, वारा कानात सुया टोचत असताना, मी एकेक नट आवळला आणि मावशी शेजारी उभ्या राहून मोजत होत्या.

"वाजला?"

"वाजला."

"मला नाही आला ऐकू. पुन्हा."

वीस नट झाले, तेव्हा माझी बोटं माझी राहिली नव्हती. पुन्हा हायवेला लागल्यावर मावशी आपणहून बोलायला लागल्या. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"रे नाव त्याचं. सर्जन. तीस वर्षं मी त्याच्याबरोबर केसेस केल्या. तो पोटाशी उभा, मी डोक्याशी, मध्ये निळा पडदा. तोंडावर मास्क. भांडायचो बाप्पा रोज! गाणी मोठ्याने लावायचा, मी बंद करायची. पण मी मान हलवल्याशिवाय सुरी नाही लावली कधी त्याने. एकदाही नाही."

"मग?"

"मग बायको गेली त्याची. मग विसरायला लागला. मुलगी इकडे राहायची, म्हणून इकडच्या केअर होममध्ये आणलं. वर्षात तिची बदली झाली टेक्सासला. ही गाडी त्याचीच. मुलगी विकून राहिली होती. मी म्हटलं, मी घेते."

रस्त्याच्या कडेला आता बर्फाचे ढीग दिसायला लागले होते. गाडी जराही घसरत नव्हती. मावशी पुढे म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या गाडीत बसवायला गेलं की दाराची चौकट धरून ठेवतो. सोडत नाही. ॲम्ब्युलन्स वाटते त्याला. हिच्यात बसतो. बाहेरचं जग म्हणजे त्याला हाच एक तास, आठवड्यातला."

केअर होमच्या काचेच्या दाराआत व्हीलचेअरवर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. कोट, मफलर, दोन्ही हातात मोजे, मांडीवर टोपी. नर्स मला हळूच म्हणाली, "गेले दोन्ही गुरुवार हे असेच तयार होऊन बसले होते. जेवायलाही हलले नाहीत."

मावशी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्याने काचेतून बाहेर गाडीकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाला. मावशींनी वाकून ऐकलं.

"विचारतो आहे, ही बाजारातली चाकं कुणी लावली," त्या मला म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

त्याला गाडीत बसवणं हे एक ऑपरेशनच होतं. आधी पाठ, मग दोन्ही पाय जोडून उचलायचे आणि गर्रकन आत. नर्स आणि मी हमाल, मावशी हुकूम देणाऱ्या. पट्टा लावला, मफलर सारखा केला, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने तळ्याकाठच्या रस्त्याला लागली. मी आत कॉफी घेऊन बसलो.

तासाभराने गाडी परत आली, पण दार उघडेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बर्फ पडायला लागला होता. मी काळजीने बाहेर गेलो. पुढच्या काचेवर बर्फाचा थर जमला होता, तरी मावशींनी वायपर लावले नव्हते. बाजूच्या काचेतून पाहिलं, तर रे गाढ झोपला होता. मान मावशींच्या बाजूला कललेली. मावशी सीटवर पूर्ण त्याच्याकडे वळून बसल्या होत्या. एका हाताची दोन बोटं त्याच्या मनगटावर, मोजा जरासा मागे सारून, आणि नजर त्याच्या छातीवर, कोट वर जाईल आणि खाली येईल तिकडे.

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. आत्ता नको.

मी आत गेलो आणि नर्सला सांगितलं, त्यांचं जेवण जरा झाकून ठेवा, वेळ लागेल. मग कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बसलो.